शब्दचर्चा: सॅमस ‘उतरला’ की ‘उतरली’?

रंकाळाकाठ: मंडळी एक मदत पायजे. पुण्यात वाढलेल्या भाच्यासाठी मेट्रॉइड गेमची गोष्ट मराठीत लिहून काढतोय, आणि पहिल्याच वाक्याला गाडी अडकली. "सॅमस झेबेस ग्रहावर..." पुढं काय? उतरला का उतरली? ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी, निन्टेन्डोचा १९८६ चा गेम हाय, अख्खा गेमभर सॅमस नावाचा चिलखतातला एक शिकारी घेऊन आपण फिरतो, दारं फोडतो, गोळा होऊन बोळातनं गडगडत जातो, आणि पाच तासाच्या आत शेवटाला पोचलं तर हेल्मेट निघतं आणि आत बाई! इंग्लिश माहितीपुस्तकात सरळ पुल्लिंगी सर्वनाम छापलं होतं, म्हणजे ठरवून चकवलं. आता ‘उतरली’ लिवलं की गुपित फुटलं आणि ‘उतरला’ लिवलं की मी पोराशी खोटं बोललो.

व्याकरणवेडा: भाऊ, सोपं आहे. "सॅमस उतरले" करा, आदरार्थी.

खरी कॉर्नर: आणि बाईला आदर दिला की "उतरल्या" होतंय ते कुठं ठेवू?

व्याकरणवेडा: हो, चुकलंच माझं. पण मग असं बघा, सकर्मक क्रियापद भूतकाळात घेतलं की बहुतेक वेळा क्रियापद कर्त्याकडे बघतच नाही. "सॅमसनं दार फोडलं", "सॅमसनं रिडली राक्षसाला लोळवलं", यात कर्ता बाई की बुवा कुणाला कळतंय? भविष्यकाळही चालेल, "सॅमस उतरेल". अडचण फक्त येणं, जाणं, पडणं, धावणं असल्या क्रियापदांची आणि वर्तमानकाळाची.

रंकाळाकाठ: म्हणजे मारताना कळत नाही, चालताना कळतंय. भारी हाय हे. पण अख्खी गोष्ट नुसती फोडाफोडीवर कशी चालवू, मधे उतरायला, पळायला, लिफ्टनं खाली जायला नको का? बरं दुसरा प्रश्न. भाच्याला नंतर सांगायचं झालं तर तिला म्हणायचं काय? नायिका?

खरी कॉर्नर: नायिका म्हटलं की मला कॉलेजातल्या अष्टनायिका आठवतात, कुणी नटूनथटून वाट बघतेय, कुणी रुसून बसलेय, कुणी अंधारात भेटायला निघालेय. सॅमस कुणाची वाट बघत नाही. वीरांगना लिहा.

व्याकरणवेडा: वीरांगना लिहिताना वेलांटीकडे लक्ष द्या फक्त, तिच्या जागी काना पडला तर वारांगना होते. एका स्मरणिकेत पाहुण्या बाईंच्या नावामागे तसं छापून आलेलं मी डोळ्यांनी बघितलंय, अख्खा गठ्ठा परत नेला छपाईवाल्यानं.

उद्यमनगरची: 😂 आणि ‘रणरागिणी’ तर नकोच, पाण्याच्या मोर्चात घागर घेऊन चार बाया दिसल्या की दुसऱ्या दिवशी हेडिंग ठरलेलं. आपल्या कोल्हापुरात कावळा नाक्यावर ताराराणी घोड्यावर आहेत, १७०० नंतर राज्य सांभाळून औरंगजेबाशी झुंजल्या, आणि रिक्षावाला म्हणताना काय म्हणतो, "ताराराणी चौक, दोन सीट". पुढं वीरांगना नाही मागं रणरागिणी नाही. सॅमसला ‘शिकारी’ म्हणा आणि सोडून द्या.

खरी कॉर्नर: पण ती बाउंटी हंटर आहे, इनाम घेऊन शिकार करते. इनामदारीण 😄

उद्यमनगरची: इनामावरनं आठवलं, त्या पहिल्या गेममध्ये तीन तासात संपवला तर चिलखत उतरवलेली दिसते आणि एका तासात संपवला तर बिकिनीत. म्हणजे इनाम शिकाऱ्याला नाहीच, खेळणाऱ्याला, आणि इनाम म्हणून शिकारीच दिली. व्हिडिओ गेमच्या जगातल्या पहिल्यावहिल्या लढवय्या बायकांत तिचं नाव घेतात ते बरोबरच आहे, मी पण घेते, पण हे पण सांगा भाच्याला. मोठा झाल्यावर सांगा.

रंकाळाकाठ: सांगतो. तिसरा शब्द: ‘लेडी’. ह्याच मालिकेतल्या २००२ च्या फ्यूजन गेममध्ये सॅमस आपल्या जुन्या कमांडर ॲडमची आठवण काढते, तो तिला लेडी म्हणायचा. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर टोमणा वाटला असता, त्याच्या तोंडी मान होता, असं ती स्वतः सांगते. मराठीत काय? बाई? मॅडम?

खरी कॉर्नर: ‘बाई’ म्हटलं की खडू आणि छडी. बाईसाहेब करा.

उद्यमनगरची: बाईसाहेब एकदम बरोबर, कारण त्याचं पण तसंच आहे, कोण कुठल्या सुरात म्हणतंय त्यावर. माझे वडील आईला म्हणायचे "बाईसाहेब, चहा झालाय", स्वतः केलेला चहा हातात घेऊन. आणि उशिरा ऑफिसात पोचल्यावर साहेब म्हणतो "या बाईसाहेब". शब्द तोच. पण त्याच ॲडमनं २०१० च्या अदर एममध्ये काय केलंय बघा, लाव्हाच्या भागात तिच्याकडे उष्णता अडवणारा सूट आहे, पण चालू करायचा नाही, का तर साहेबांनी परवानगी दिली नाही! ती आपली भाजत भाजत पुढं चालते. फ्रीज माझ्या माहेरचा आणि दूध काढताना सासूला विचारायचं, तसलं. नुसती बडबड पण किती दिली तिला त्या गेममध्ये, आणि सगळी आवाज न चढवता.

व्याकरणवेडा: मग २०२१ च्या ड्रेडमध्ये ती जवळजवळ बोलतच नाही, एकदाच बोलते तेही चोझोंच्या भाषेत, ज्यांनी तिला वाढवलं त्यांच्या. तिला ‘मुकी’ म्हणू नका, ‘अबोल’ फार नाजूक वाटतं, अबोलीचा गजरा डोळ्यापुढे येतो. ‘घुमी’ म्हणा. आणि भाऊ, पहिल्या वाक्याचं काय ठरलं मग?

रंकाळाकाठ: भाऊ कोण?

व्याकरणवेडा: म्हणजे? तुम्हीच की.

रंकाळाकाठ: मी ताई हाय.

व्याकरणवेडा: काय सांगता! "लिहून काढतोय", "मी खोटं बोललो", "सांगतो"...

खरी कॉर्नर: 🤣🤣 पुणेकर पडले खड्ड्यात. अहो आमच्यात पोरी "मी आलो", "मी जेवलो", "मी जातो"च म्हणतात. माझी आज्जी पंच्याऐंशीव्या वर्षी "मी अंबाबाईला जाऊन आलो" म्हणायची. शहरात हल्ली शाळेत दुरुस्त करतात, पण घरात आलं की पुन्हा तेच.

व्याकरणवेडा: पहिल्या उत्तरापासून भाऊ भाऊ करतोय मी. तुम्ही मधे सांगायचं तरी.

रंकाळाकाठ: बघत होतो कुठपर्यंत जातंय ते. पण तुमच्यामुळंच सुटलं बघा. ‘ती’ नको आणि ‘तो’ पण नको, सॅमसच्या तोंडूनच सांगायची गोष्ट, कोल्हापुरीत. फ्यूजनमध्ये तशी ती स्वतःच ‘मी’ म्हणून सांगतेच की. "मी झेबेसवर उतरलो. वर कोण नव्हतं. गोळा झालो आणि बोळातनं गडगडत खाली गेलो. पाच मिसाईलं सोडली तवा दार उघडलं." यातला एक शब्द खोटा नाही.

व्याकरणवेडा: प्रमाणभाषेत हे जमलंच नसतं. मान्य.

उद्यमनगरची: ‘तवा’ वर अनुस्वार नको ना? बाकी झकास.

रंकाळाकाठ: नको. काल रात्री व्हिडिओ कॉलवर भाच्याला पहिली तीन पानं वाचून दाखवली. पोरगं न हलता ऐकत होतं. शेवटी म्हणतंय, "मावशी, हा माणूस हेल्मेट कधी काढतो?" मी गप बसलो.