चपट्या पिक्चर ट्यूबचा खिशातला टीव्ही: पडद्यावर नुसती आडवी रेघ

तांब्याचीतार (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

जुन्या बाजारातून एक हातात मावणारा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही घेतलाय. पडदा 2 इंची, ट्यूब चपटी, इलेक्ट्रॉनचा झोत (बीम) सोडणारी गन पडद्याच्या खाली. मागचं लेबल निघून गेलंय, त्यामुळे मॉडेल कळत नाही. ट्यूनिंगच्या पट्टीवर 2 ते 13 आणि 14 ते 83 असे आकडे आहेत. 4 पेन्सिल सेलवर चालतो. चालू केला की स्पीकरमधून खरखर येते आणि पडद्यावर मध्यभागी एक लख्ख आडवी रेघ, बाकी सगळं काळं. बोर्डावर डबीसारखे बारके एसएमडी (भोकांत न घालता वरच्यावर सोल्डर केलेले) कॅपॅसिटर आहेत. दोन-तिघांच्या बुडाशी ओलसर तपकिरी डाग दिसतात.

ट्यूब गेली का? आणि सेट चालू झालाच तर त्यावर दाखवायचं काय? दूरदर्शनचे ॲनालॉग ट्रान्समीटर तर बंद पडले.

लाइनआउटपुट

आधी सेट बंद करा. ती रेघ जास्त वेळ ठेवली तर फॉस्फर (बीम पडला की उजळणारा थर) तिथेच जळतो आणि तो डाग कायमचा राहतो. इथून पुढे तपासताना ब्राइटनेस रेघ जेमतेम दिसेल इतकाच.

ट्यूब शाबूत आहे. रेघ उमटते म्हणजे हीटर तापतोय, ईएचटी (ट्यूबचं हाय व्होल्टेज) बनतंय, आडवं डिफ्लेक्शन (बीम वळवणं) चालू आहे. गेलंय ते फक्त उभं. संशयित दोन: उभ्या योकला (बीम वळवणाऱ्या कॉइलला) सिरीजमध्ये असलेला मोठा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर (अशा सेटमध्ये बहुधा 220 ते 1000 मायक्रोफॅरडचा) किंवा उभ्या ऑसिलेटरभोवतीचे बारके कॅपॅसिटर. योकच्या वायरी बोर्डावर जिथे येतात तिथून माग काढा, मोठा कॅपॅसिटर सापडेल. सेट बंद असताना त्याच व्हॅल्यूचा नवा कॅपॅसिटर पोलॅरिटी बघून त्याला समांतर तात्पुरता लावा आणि मग चालू करा. रेघ उघडून चित्राची चौकट झाली तर चोर सापडला.

पण तुम्ही सांगता त्या डागांवरून सगळेच बदलावे लागतील. त्या काळच्या एसएमडी इलेक्ट्रोलिटिकचं रसायन रबरी बुचातून झिरपतं आणि खालचं तांबं खातं. इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) टेकवली की मासळीसारखा वास येतो, तीच खूण.

काढताना लोक डबी पक्कडीत धरून पिळतात. नव्या बोर्डावर ते एकवेळ चालेल, पण रसायनाने पोखरलेल्या पॅडवर नाही. पॅडच उखडून हातात येतो. दोन्ही पायांवर ताजं शिशाचं सोल्डर भरा, फ्लक्स सढळ हाताने लावा, दोन इस्त्र्यांनी दोन्ही पाय एकदम वितळवा आणि डबी अलगद उचला. सोल्डर धरतच नसेल, राखाडी गोळा होऊन घरंगळत असेल, तर वर रसायनाचा थर आहे. फायबरग्लासच्या पेनने हलकं खरवडा. रसायन अल्कधर्मी असतं, म्हणून कापसाच्या काडीवर थेंबभर पांढरं व्हिनेगर, मग डिस्टिल्ड वॉटर, शेवटी आयसोप्रोपाइल. पूर्ण वाळल्यावर प्रत्येक पॅडपासून पुढच्या पार्टपर्यंत मल्टिमीटरने कंटिन्युइटी (जोडणी अखंड आहे का ते) बघा. हिरवा मुलामा धरलेला ट्रॅक दिसायला अखंड असतो आणि आतून तुटलेला असतो.

बदली कॅपॅसिटर टाकताना हमखास होणारी चूक: ॲल्युमिनियमच्या डबीवरची काळी पट्टी म्हणजे निगेटिव्ह, टँटलम कॅपॅसिटरवरची पट्टी म्हणजे पॉझिटिव्ह. काढण्याआधी बोर्डाचे फोटो काढा आणि प्रत्येकाची दिशा कागदावर लिहून ठेवा. टँटलमचा व्होल्टेज रेटिंग सर्किटच्या किमान दुप्पट घ्या. सप्लायच्या फिल्टरला 10 मायक्रोफॅरडपर्यंत सिरॅमिक चालतो. उभ्या ऑसिलेटरला मात्र सिरॅमिक नको, कारण व्होल्टेज चढला की त्याची कपॅसिटी घटते आणि चित्र वर-खाली पळत राहतं. तिथे टँटलम किंवा फिल्म. एखाद्या डबीवर पट्टीच नसेल तर तो नॉन-पोलर (दिशा नसलेला) असू शकतो, जागी नॉन-पोलरच टाका.

सेलऐवजी बेंच सप्लाय वापरा: 6 व्होल्ट, करंट लिमिट 1 अँपिअर. लावल्या लावल्या लिमिटला टेकला तर कुठेतरी शॉर्ट आहे. बाजारातला स्वस्त ट्रान्सफॉर्मरवाला 6 व्होल्टचा अडॅप्टर लोड नसताना 9 व्होल्टही देतो. जॅकची पोलॅरिटीही गृहीत धरू नका. जुन्या जपानी सेटमध्ये मधली पिन कधी पॉझिटिव्ह, कधी निगेटिव्ह.

ईएचटी काही हजार व्होल्ट आहे. तेवढ्याने माणूस दगावण्याची भीती कमी, पण झटक्याने हात उडतो आणि ट्यूबची मान मोडते. 1 मेगओहमच्या रेझिस्टरमधून ग्राउंडला डिस्चार्ज करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडली तर आयसीच जायची.

चॅनेलचार

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या आकड्यांतच आहे. 2–13 आणि 14–83 म्हणजे अमेरिकी सेट. 1–12 आणि 13–62 असतं तर जपानी, 2–12 आणि 21–69 असतं तर युरोपीय (आपल्याकडे चालायचा तो), नुसतं 21–68 असतं तर ब्रिटिश.

अमेरिकी सेट म्हणजे 525 लाइन, 60 हर्ट्झ, आणि आवाजाचा कॅरिअर (आवाज वाहून आणणारी लहर) चित्रापासून 4.5 मेगाहर्ट्झवर. आपला 5.5 वर. आपल्याकडच्या मॉड्युलेटरवर (व्हिडिओ टीव्ही चॅनेलवर चढवणाऱ्या डबीवर) मुंबई दूरदर्शनचं जुनं चॅनेल 4 लावलं तर चित्र 62.25 मेगाहर्ट्झवर येतं. अमेरिकी चॅनेल 3 आहे 61.25 वर. त्यामुळे 3 च्या किंचित पुढे चित्र सापडेल, व्ही-होल्ड (वर-खाली पळणारं चित्र थांबवायचा कंट्रोल) फिरवून थांबेलही, पण आवाज येणार नाही. सेटमध्ये काही बिघडलेलं नसतं, तरी लोक ऑडिओ आयसी बदलत बसतात!

सोपा मार्ग: एचडीएमआय ते एव्ही कन्व्हर्टर घ्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतो. त्याच्या बाजूला पाल/एनटीएससी असं बटण असतं, ते एनटीएससीवर (अमेरिकी पद्धत) ठेवा. त्यापुढे अमेरिकी पद्धतीचा आरएफ मॉड्युलेटर, चॅनेल 3 किंवा 4 चा. मॉड्युलेटरचं आउटपुट सेटच्या मानाने जोरकस असतं. थेट जोडलं तर चित्र काळवंडतं, तिरकं ओढलं जातं. मध्ये 20 डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा) घाला, नाहीतर इन्सुलेशनवाल्या वायरचे दोन-तीन वेढे टेलिस्कोपिक अँटेनाला द्या. मॉड्युलेटरला स्वतःची अँटेना लावू नका, शेजारपाजारी लहरी सोडणं बेकायदेशीर आहे.

फॉस्फरहिरवा

थोडं अवांतर. ही ट्यूब नेहमीच्या ट्यूबसारखी नाही. नेहमीच्या ट्यूबमध्ये बीम फॉस्फरवर मागून आदळतो आणि आपण पुढून बघतो. चपट्या ट्यूबमध्ये फॉस्फर मागच्या काचेवर असतो आणि बीम ज्या बाजूने पडतो त्याच बाजूने आपण बघतो. उजेड फॉस्फरच्या थरातून आरपार जायला लागत नाही, म्हणून कमी ताकदीत जास्त उजळ. सोनीचा पहिला वॉचमन (1982) असाच. सिंक्लेअरचा टीव्ही80 (1983) त्याहून विचित्र: गन पडद्याच्या शेजारी, डिफ्लेक्शन योकने नव्हे तर प्लेटांनी, आणि चित्र नीट दिसावं म्हणून पुढे फ्रेनेल भिंग. त्याला 6 व्होल्टची पोलरॉइडची चपटी बॅटरी लागायची. हे घेणाऱ्यांनी बाहेरून 6 व्होल्ट द्यायची तयारी ठेवावी.

ट्यूब फुटली तर बदली फक्त दुसऱ्या तसल्याच सेटमधून. ज्यांना हात बसवायचाय त्यांनी भंगारातला जुना ब्लॅक अँड व्हाइट व्हिडिओ डोअरफोन घ्यावा. बऱ्याच डोअरफोनमध्ये 4 इंची चपटी ट्यूब असते, व्हिडिओ थेट देता येतो, आणि बिघडला तरी हळहळ नाही.

तांब्याचीतार

आभार. योकचा कॅपॅसिटर 470 चा होता, मोजला तर 38 भरला. सगळे 14 बदलले. एका पॅडचा ट्रॅक तुटला होता, बारीक एनॅमल वायरने जोडला. चित्र आलं, आवाजही. पण चौकट वर रुंद आणि खाली अरुंद आहे, सुपासारखी. योक फिरवून बघू का?

लाइनआउटपुट

योकला हात लावू नका. फिरवलात तर अख्खं चित्र तिरपं होईल, सूप सूपच राहील.

गन खाली असल्यामुळे बीमला वरच्या कडेपर्यंत जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून तिथे तो जास्त पसरतो. हे सावरायला सर्किट उभ्या स्वीपबरोबर आडव्या डिफ्लेक्शनचं माप कमी-जास्त करत असतं: बीम वर जाईल तशी रुंदी आवळायची. तुमच्याकडे ती आवळणी पोचत नाहीये. उभ्या आउटपुटकडून आडव्या भागाकडे एक सिग्नल जातो, त्या वाटेवरचा कॅपॅसिटर आधी बघा. बदलताना 1 मायक्रोफॅरडच्या जागी 0.1 पडला किंवा उलटा बसला तर नेमकं हेच होतं. तो बरोबर असेल तर एखादा प्रीसेट (बोर्डावरचा स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा बारका कंट्रोल) सापडेल, बहुधा आकाराच्या प्रीसेटांच्या शेजारीच. फिरवण्याआधी मार्करने मूळ जागेची खूण करा, प्लॅस्टिकचा स्क्रूड्रायव्हर वापरा आणि चौकटींचा टेस्ट पॅटर्न लावून उभ्या रेघा समांतर होईपर्यंत थोडं थोडं फिरवा. सेट दहा मिनिटं तापल्यावर पुन्हा बघा, थंड सेटवर जुळवलेलं नंतर सरकतं.