पीएचपी "मेलं" म्हणणाऱ्यांनी आधी एक फॉर्म नवशिक्याला शिकवून बघावा

दौतटाक:
"सर्व्हर-साइड प्रोग्रामिंग कुठून सुरू करू?" असं परवा एका मुलीनं विचारलं होतं. त्यावर रात्रपाळी यांनी तीन ओळींत निकाल लावला: पीएचपी (सर्व्हरवर चालून वेबपानं तयार करणारी भाषा) मेलंय, ते शिकवणारे मुलांची वर्षं फुकट घालवतात, जावास्क्रिप्ट येतेच आहे तर थेट नोड (जावास्क्रिप्ट सर्व्हरवर चालवणारं) आणि त्यावरचं एक्स्प्रेस घ्या. तिथंच उत्तर लिहायला बसलो, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

मी नऊ वर्षं संध्याकाळचे वर्ग घेतो. पोरं बीए-बीकॉमची, निम्म्यांच्या घरी कॉम्प्युटर नाही. पहिल्या दिवशी झॅम्प (आपल्याच कॉम्प्युटरवर सर्व्हर उभा करणारं सॉफ्टवेअर) चालू करायचं, त्याच्या एचटीडॉक्स फोल्डरमध्ये एक फाइल ठेवायची आणि तिच्यात वेळ छापणारी एकच ओळ लिहायची. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरचा पत्ता, उघडलं की वेळ दिसते, रिफ्रेश केलं की सेकंद पुढे सरकतात. मग 'व्ह्यू सोर्स' करायला सांगतो. तिथं आपली ओळ नसतेच, नुसती वेळ असते. वर्ग गप्प होतो आणि कोणीतरी विचारतं, "सर, आपण लिहिलेलं गेलं कुठं?" त्या प्रश्नासाठी मी तो तास घेतो. ब्राउझरनं मागितलं, सर्व्हरनं फाइल चालवली आणि फक्त उत्तर पाठवलं, हे त्यानंतर दहा मिनिटांत समजतं.

नोडमध्ये तिथं पोचायच्या आधी एनपीएम, पॅकेजची फाइल, पोर्ट, राउट आणि कॉलबॅक येतात. यातलं काहीच वाईट नाही. पण ज्याला रिक्वेस्ट म्हणजे काय हेच माहीत नाही, त्याच्यासमोर पहिल्याच दिवशी हे ओतायचं? निम्मी पोरं दुसऱ्या आठवड्यात येत नाहीत. हे मी बघितलंय, कारण दोन बॅचना मी नोडनंच सुरुवात करून दिली होती.

रात्रपाळी:
मी शब्द मागे घेत नाही. कारण सांगतो.

माझ्या धाकट्या भावाला २०१९ साली कॉलेजात झेरॉक्स नोट्स मिळाल्या. त्यात डेटाबेसशी बोलायला 'मायएसक्यूएल_क्वेरी'. ते फंक्शन पीएचपी ५.५ मध्ये, म्हणजे २०१३ मध्येच, कालबाह्य ठरवलं होतं आणि डिसेंबर २०१५ च्या पीएचपी ७ मधून काढूनच टाकलं. भावाच्या लॅपटॉपवर पहिल्याच प्रॅक्टिकलला 'अनडिफाइन्ड फंक्शन'. मॅडम म्हणाल्या, "जुनं झॅम्प टाक." चार वर्षं पोरगं जुनं झॅम्प टाकूनच शिकलं. मुलाखतीला गेला तेव्हा समोरच्यानं कोड बघून पाच मिनिटांत उठवलं. तो घरी येऊन काहीच बोलला नाही, दोन दिवस जेवला नाही नीट.

दुसरी गोष्ट. एका क्लासची निकालाची साइट मला बघायला दिली होती. पासवर्डच्या चौकटीत एकेरी अवतरणचिन्ह, मग ऑर, मग एक बरोबर एक. चौकटीतलं लिखाण डेटाबेसनं हुकूम समजून पाळलं. मी आत. तीनशे मुलांचे गुण आणि पालकांचे मोबाइल नंबर समोर. ज्यानं साइट लिहिली होती तो असल्याच नोट्सवर शिकलेला. पीएचपी सोपं आहे म्हणता, पण त्या सोपेपणामुळेच हे घडतं.

दौतटाक:
भावाचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण तो दोष झेरॉक्सचा. पीडीओ, म्हणजे डेटाबेसशी बोलायची नवी पद्धत, २००५ पासून भाषेत आहे. त्यात आधी क्वेरीचा साचा पाठवायचा ('प्रिपेअर') आणि माहिती नंतर वेगळी द्यायची ('एक्झिक्यूट'), म्हणजे ती हुकूम होत नाही. माझ्या वर्गात हे दोन्ही आल्याशिवाय 'इन्सर्ट' हा शब्दही येत नाही. पासवर्ड ठेवायचं फंक्शन त्याच ५.५ मध्ये आलं, ज्यात तुमचं जुनं फंक्शन कालबाह्य झालं. आणि नोडमध्ये बॅकटिक (उलटं अवतरणचिन्ह) लावून क्वेरीत थेट नाव घुसवा, तेच भोक पडतं. तुम्ही पाडलेलं नसेल, नवशिके पाडतात.

रात्रपाळी:
बॅकटिकचं खरं आहे. मागच्याच महिन्यात एका फ्रेशरच्या कोडमध्ये पकडलं. पण मग "पीएचपी शिका" एवढंच म्हणून थांबू नका. कुठलं पीएचपी, तेही सांगा.

खडीसाखर:
दोघंही पैशाचं बोलत नाही आहात. माझ्या भाचीनं पुण्यात 'फुलस्टॅक' कोर्सला ८५,००० रुपये भरले. सहा महिन्यांत आठ तंत्रज्ञानं दाखवली, एकातही स्वतःचा फॉर्म तिला लिहिता येत नाही. गावाकडच्या बहुतेक होस्टिंगवर (साइट ठेवायची भाड्याची जागा) पीएचपीच चालतं, वर्डप्रेसही त्यातच लिहिलेलं. छोट्या दुकानदाराची साइट करून पोरीला पहिले पाच हजार मिळाले असते तर तिचा जीव लागला असता.

सुपारीवाली:
थोडं अवांतर. पण हे कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत म्हणून लिहिते.

आमच्या गावच्या वाचनालयाची यादी मी पीएचपीत केली, ४,२०० पुस्तकं. तीन संध्याकाळी बसून सहाशे नावं भरली. पान उघडलं तर सगळीकडे प्रश्नचिन्हं. सहाशेच्या सहाशे. अक्षरं साठवायच्या दोन पद्धती: माझं पान यूटीएफ-८ मध्ये, ज्यात मराठी मावते, आणि डेटाबेसातलं टेबल लॅटिन-१ मध्ये, जे रोमन अक्षरांपुरतं. मायएसक्यूएल या डेटाबेसची ८.० आवृत्ती येईपर्यंत न सांगता लॅटिन-१ च मिळायचं, आणि आमच्या होस्टिंगवर जुनंच होतं. ज्या शिक्षकांकडे मी शिकले त्यांनी उदाहरणं कायम इंग्रजी नावांचीच दिली, त्यामुळे त्यांना हे कधी दिसलंच नाही.

नागमोडी:
ताई, तुम्हाला निदान प्रश्नचिन्हं तरी दिसली! माझं लॉगिनच चालेना. 'हेडर्स ऑलरेडी सेंट'. दोन दिवस त्या फाइलमधली रिकामी ओळ शोधत होतो, कारण सगळीकडे लिहिलेलं की पीएचपीच्या खुणेआधी स्पेस असेल. नव्हतीच. फाइलमध्ये "स्वागत आहे" लिहिलेलं, म्हणून नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ निवडून सेव्ह केली होती. जुनं नोटपॅड सुरुवातीला तीन अदृश्य बाइट घालायचं. ते आधी ब्राउझरकडे जाणार, मग लॉगिन लक्षात ठेवणारी सेशनची कुकी पाठवायला उशीर झालेला, कारण ती पानाच्या मजकुराआधीच जावी लागते. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हा त्रास होतच नाही.

रात्रपाळी:
@सुपारीवाली, नुसती प्रश्नचिन्हं असतील तर अक्षरं गेली, परत येत नाहीत. डोक्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरं दिसली असती तर परत आणता आली असती, बाइट शाबूत असतात. पुढच्या वेळी यूटीएफ८एमबी४ घ्या, टेबलला आणि कनेक्शनलाही. साधं 'यूटीएफ८' तीन बाइटांपुरतंच असतं. देवनागरी त्यात मावते, इमोजी नाही.

सुपारीवाली:
केलं ते. सहाशे नावं पुन्हा भरली. आता शोधाची रड आहे. 'ॲटलास' टाकलं की चार येतात. कपाटात अकरा आहेत, मी मोजलेत.

रात्रपाळी:
नॉर्मलायझर चालवा, एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं तो एकसारखी करतो. दोन मिनिटांचं काम.

सुपारीवाली:
चालवला! दोन मिनिटं नाही, आख्खा रविवार. तुम्ही लोक मराठीत कधी काही साठवलंयत का? 'ॲ' हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. जुन्या कीबोर्डवर आणि जुन्या नोंदींत 'अ' आणि त्यावर वेगळा चंद्र असतो. डोळ्याला एकच दिसतं, कॉम्प्युटरला दोन वेगळी. आणि युनिकोडनं दोघांचं नातं लावलेलं नाही, म्हणून तुमचा नॉर्मलायझर त्यांना हात लावत नाही. 'किनाऱ्यावर' चं तेच. कोणी नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ आणि हलन्त टाकतो, कोणी साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. 'र' खाली वेगळा नुक्ता असेल तर नॉर्मलायझर जोडतो, हे मान्य. जोडकाचा प्रकार तसाच राहतो. सल्ला देण्याआधी निदान एक शब्द टाकून बघा.

रात्रपाळी:
आत्ता टाकून बघितला. बरोबर आहे तुमचं. मला वाटलं होतं 'ॲ' जुळेल.

खडीसाखर:
मूळ विषय काय होता?

दौतटाक:
राहू द्या, याच विषयाचं आहे हे. मी दुसऱ्या आठवड्यात फळ्यावर 'मराठी' लिहितो आणि विचारतो, अक्षरं किती? वर्ग म्हणतो तीन. मग लांबी मोजणारी पीएचपीची तीन फंक्शन्स चालवतो. स्ट्रलेन, उत्तर १५. एमबी_स्ट्रलेन, ५. ग्राफीम_स्ट्रलेन, ३. पंधरा बाइट, पाच युनिकोड चिन्हं, आणि तीन ती, जी आपण बोटावर मोजतो. नाव कापायला साधं सबस्ट्र (बाइट मोजून तुकडा काढणारं फंक्शन) वापरलं की अक्षर मधेच तुटून काळा चौकोन का येतो, ते मग मुलंच सांगतात. नोडमध्येही हे दाखवता येतं, पण तिथं लांबी ५ येते आणि बाइट मुद्दाम काढून दाखवावे लागतात. इथं ते पहिल्याच फटक्यात अंगावर येतात.

आणि सुपारीवाली, नोंद सेव्ह करताना आणि शोधताना, दोन्हीकडे एकच फंक्शन लावा: 'अ' अधिक चंद्र असेल तर 'ॲ', र-हलन्त-जोडक असेल तर ऱ-हलन्त. एका मजकुराजागी दुसरा घालणाऱ्या स्ट्र_रिप्लेसच्या दोन ओळी.

रात्रपाळी:
ठीक. पहिला महिना पीएचपी, चालेल मला. पण धागाकर्त्यांनी वर आवृत्ती लिहावी आणि प्रिपेअरशिवाय एकही धडा देऊ नये. झेरॉक्सवाल्यांबद्दलचं माझं मत तसंच आहे.

दौतटाक:
आवृत्ती ८, आणि प्रिपेअर डेटाबेसच्या पहिल्या दिवसापासून. त्या मुलीलाही तसंच कळवतो.

सुपारीवाली:
दोन ओळी घातल्या. 'ॲटलास' अजून चारच.

नागमोडी:
ताई, जुन्या नोंदींवर चालवलंत का? की फक्त नवीन सेव्ह करताना?

सुपारीवाली:
नाही चालवलं. आधी टेबलाची प्रत काढून ठेवते, मग चालवते. ती सहाशे नावं तिसऱ्यांदा भरणार नाही मी.

सुपारीवाली:
अकरा आले. 'किनाऱ्यावर' पण पाचच्या पाच.