२०१० ची लिनिया टी-जेट: रीमॅप करू का आधी बाकी कामं?

टर्बोवाला_नागपूर: भाऊ लोक, बाबांची फियाट लिनिया टी-जेट माझ्याकडे आली आहे, १.४ लिटर टर्बो पेट्रोल, कंपनीतून ११४ पीएस. १५ वर्षं झाली म्हणून रजिस्ट्रेशन रिन्यू केलं, आता ठेवायचीच आहे. रीमॅप (पॉवर वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) आणि मोठा इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारा) टाकायचा विचार करून राहिलो. वर्धा रोडवर ओव्हरटेक करताना दम लागते तिला.

ऑरेंजसिटी_गॅरेज: दम लागते म्हणजे रीमॅपच्या आधी बूस्ट लीक, म्हणजे टर्बोनं दाबलेली हवा कुठं गळते का, ते पाहा न बे! इंटरकूलरचे रबरी पाइप इतक्या वर्षांत कडक होऊन चिरतात, हवा तिथूनच पळते अन् आपण म्हणतो गाडी म्हातारी झाली. टायमिंग बेल्ट कधी बदलला? माहीत नसेल तर आधी तोच, तुटला की इंजिनचं कामच निघते.

मेमधला_चालक: इंटरकूलरला माझा पाठिंबा. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री, गरम हवा आत गेली की इंजिन नॉक होऊ नये (पेट्रोल अवेळी पेटून खडखडू नये) म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इग्निशन मागे घेते, ठिणगी उशिरा देते, पॉवर तिथंच गेली. म्हणून रीमॅप केलाच तर इंजिनच्या कॉम्प्युटरमधल्या उन्हाळ्यातल्या नोंदी पाहून, जानेवारीतल्या गारठ्यात नाही. अन् क्लच जुना असेल तर वाढलेल्या टॉर्कनं घसरेल, तो खर्च आत्ताच धरून ठेव.

टर्बोवाला_नागपूर: पाइप पाहिला, क्लॅम्पजवळ बोटभर चीर निघाली 😅 रीमॅप कॅन्सल, सध्यातरी.

ऑरेंजसिटी_गॅरेज: पाहा! आता ब्रेक अन् टायर बदल. समृद्धीवरून उतरल्यावर गाडी लगेच बंद नको करू, टर्बो थंड व्हायला मिनिटभर उभ्यानंच चालू ठेव.