सहा दिवस झाले, कपाटाचं दार अजून हाताला चिकटतंय

कोपरीची सून
ठाणे पूर्वेला आमचा जुना फ्लॅट. बेडरूममध्ये सुताराने १९९६ साली जागेवरच बनवलेलं प्लायचं कपाट, चार दारं, वर चॉकलेटी ऑइल पेंट. गणपतीआधी ते पांढरं व्हावं ही सासूबाईंची इच्छा. मी म्हटलं, रंगाऱ्याला कशाला पैसे, एका दारावर करून बघते. फडक्याने पुसलं आणि डब्यातून थेट पांढरा एनॅमल, दोन इंची ब्रशने. चॉकलेटी दिसत होता म्हणून एकच हात पण चांगला भरपूर दिला.
आता खालच्या बिजागरीपाशी मेणबत्तीसारखा ओघळ आहे, मधोमध ब्रशच्या रेषा आणि हँडलपाशी माझ्या अंगठ्याचा असा ठसा की आधारच्या मशीनलाही चालेल. एक डासही अडकलाय, पाय वर करून. वरून अजून एक हात मारू का? नवरा म्हणतो, सनमायका लावून टाक.

ऐरोलीचा हौशी
ताई, वरून हात अजिबात नको. एनॅमल हवा लागून वरून खाली वाळत जातो. थर जाड दिला की दुधासारखी साय धरते आणि आत ओलंच राहतं, त्यात ही पावसाळी दमट हवा. आत्ता वर रंग चढवलात तर सुरकुत्या येतील. दार उतरवून पंख्याखाली ठेवा. नख दाबून खूण पडेनाशी झाली की मगच घासायला घ्या. घासायचा पॉलिश पेपर लगेच रंगाने बुजायला लागला तर समजा, अजून वाळलेलं नाही.
सनमायकाचं विसरा. फेविकॉल जुन्या ऑइल पेंटवर नीट धरत नाही, आधी तो सगळा काढावा लागेल.

रंगकामवाला, कोपरखैरणे
बावीस वर्षं हेच करतोय. ताई, घासण्याआधी एक ऐका. रंग १९९६ चा आहे, त्यात शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिसं दशलक्षात ९० भागांच्या वर नको, हा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, तुमचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. म्हणून कोरडं घासू नका, धूळ उडते. वॉटर पेपर जेमतेम ओला करून घासा (प्लायच्या कडांना पाणी पाजू नका, फुगतात), घासून निघालेला रंगाचा चिखल ओल्या फडक्याने टिपा आणि घरात लहान मूल असेल तर त्या खोलीत येऊ देऊ नका.
ओघळ आधी ब्लेड आडवं धरून कापायचा. मग १८० नंबर, मग ३२०, पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून. हाताने घासलं की खड्डे पडतात. जुनी चकाकी सगळी जायला हवी, नाहीतर नवा रंग नखाने सोलून निघतो. खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरा, वर प्रायमरचा एक हात. चॉकलेटी झाकायचं काम प्रायमरचं, तुम्ही ते रंगावर टाकलंत.
दार उभं ठेवून रंगवू नका. दोन स्टुलांवर आडवं, मागची बाजू आधी. कडा ब्रशने, सपाट भाग चार इंची फोमच्या रोलरने. पातळ दोन हात द्या. पहिला उजेडात तिरका बघितलात तर खालचं थोडं दिसेल, दिसू द्या. मध्ये रात्र जाऊ द्या आणि ४०० ने हलकं फिरवा. पांढरा पाण्याचा एनॅमल घ्या, तेलाचा पांढरा बंद कपाटात पिवळा पडतो.
बिजागरी बसते त्या जागी खिळ्याने १, २, ३, ४ कोरा. बिजागरी लागली की आकडा झाकला जातो आणि दारांची अदलाबदल होत नाही.

कोपरीची सून
दार उतरवलं! स्क्रूच्या खाचांत तीन रंगांचे थर, सुईने कोरून काढायला अख्खी दुपार गेली. डास चिमट्याने काढला, दोन पाय तिथेच राहिले. दाराच्या जागी आता सासूबाईंची जुनी नारायणपेठ पडद्यासारखी टांगलीय आणि त्याच म्हणतात, असंच बरं दिसतंय. उरलेली तीन दारं दसरा झाल्यावर. दादा, पाण्याचा एनॅमल मॅट घेऊ का?

रंगकामवाला, कोपरखैरणे
कपाटाला सॅटिन (हलकी चमक असलेला) घ्या. मॅटवर हँडलपाशी बोटांचे डाग बसतात आणि पुसायला गेलात की तिथेच चमकायला लागतं. आणि रंग झाल्यावर दारं आठवडाभर किलकिली ठेवा, घट्ट लावलीत तर चौकटीला चिकटून पापुद्रा निघेल.