हॉफाला कुठे पुरलं, हे विचारणं आता बास

टिपूर: काल इथे एकाने लिहिलं, 'जिमी हॉफा प्रकरण म्हणजे एफबीआयचा नाकर्तेपणा, साधा मृतदेह सापडेना.' डोकं उठलं, म्हणून सविस्तर. हॉफा म्हणजे टीमस्टर्स या अमेरिकेतल्या ट्रक ड्रायव्हरांच्या युनियनचा माजी अध्यक्ष. ३० जुलै १९७५ला डेट्रॉइटजवळच्या रेस्टॉरंटबाहेर हॉफा ताटकळत होता. माफियातले जियाकलोनी आणि प्रोव्हेन्झानो भेटायला येणार होते. दोघांनीही टांग दिली. बायकोला फोन करून चरफडला, नंतर दिसलाच नाही. राष्ट्राध्यक्ष निक्सनने १९७१मध्ये त्याला तुरुंगातून सोडताना १९८०पर्यंत युनियनपासून लांब राहायची अट घातली होती. हा गडी त्या अटीविरुद्ध कोर्टात भांडून टीमस्टर्सची गादी परत मागत होता. त्याच्यानंतर गादीवर आलेल्या फिट्झसिमन्सच्या राज्यात माफियाचं बरं चाललं होतं, त्यांना हा कशाला हवा? कोणी आणि का, ते उघड आहे. फक्त हाडं नाहीत.

खोडसाळ: उघड म्हणे! मग एकावर तरी खुनाचा खटला चालला का? जियाकलोनी त्या दिवशी क्लबात, प्रोव्हेन्झानो म्हणे न्यू जर्सीत पत्ते कुटत. तुमच्या 'उघड'वर कोर्ट चालत नाही.

टिपूर: जियाकलोनीच्या मुलाच्या गाडीतला केस २००१मध्ये डीएनए चाचणीत हॉफाचा निघाला. तो काय वाऱ्याने आला?

खोडसाळ: गाडीत कधीतरी बसला होता, एवढंच. तारीख केसावर लिहिलेली नसते.

जुनं खोड: तुम्ही हाडं हुडकत बसा. हॉफा चोर, हे धरूनच चाललात दोघं. १९६४ला देशभरच्या ट्रक ड्रायव्हरांना एका करारात आणलं त्याने. मी २३ वर्षं युनियनमध्ये काढली. आमचा पुढारी पैसे खायचा, सगळ्यांना ठाऊक होतं. पण माझा हात मशीनमध्ये गेला, तेव्हा रात्री अडीचला मालकाचं दार त्यानेच वाजवलं. नंतरचे प्रामाणिक पुढारी नुसती निवेदनं द्यायचे.

रेवा: काका, हात वाचला, आनंद आहे. माझ्या बाबांचा फंड अशाच एका 'आपल्या माणसाने' बुडवला. चार वर्षं खेटे घालून बाबा गेले. आणि तुमच्या हॉफाला त्याच १९६४मध्ये दोनदा दोषी ठरवलं: एकदा ज्युरी फोडली म्हणून, एकदा पेन्शन फंडातल्या घोटाळ्यासाठी. लास व्हेगासच्या कॅसिनोंना कर्जं गेली ती ड्रायव्हरांच्या म्हातारपणाच्या पैशातून. रात्री दार वाजवायला काय जातं?

जुनं खोड: बाई, तो फंड मी खाल्ला नाही. आवाज खाली.

रेवा: बाई म्हणायचं काम नाही.

टिपूर: अहो, धागा गायब माणसाचा आहे, गायब फंडाचा नाही!

रेवा: तो फंड नसता तर त्याला कोण कशाला गायब करतं?

खोडसाळ: हे मात्र पटलं, नाइलाजाने. टिपूरराव, तुम्ही दोन परिच्छेद खर्चून हेच सांगत होतात का? २००६मध्ये घोड्यांचा फार्म उकरला, २०१३मध्ये शेत, मग जर्सी सिटीतली कचराभूमी. हाती काय, तर माती. हॉफाचा जुना साथीदार शीरन मरण्याआधी 'डेट्रॉइटच्या एका घरात मीच मारला' सांगून गेला, पण त्या घरातलं रक्त हॉफाचं निघालं नाही. खोदकामापुरता तुमच्याशी सहमत. 'उघड' शब्द तेवढा मागे घ्या.

टिपूर: घेत नाही.

जुनं खोड: रेवाताई, चिडून बोललो. फंडाचं पुढे काय झालं?

रेवा: आईला निम्मा मिळाला. व्याज नाही.