वापरलेला यशिका इलेक्ट्रो ३५ घेण्यापूर्वी दुकानात काय तपासावे?

रत्नदुर्ग

नमस्कार. पुण्यातील एका विक्रेत्याकडे यशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन हा जुना रेंजफाइंडर कॅमेरा विक्रीस आहे. किंमत नऊ हजार रुपये सांगितली आहे. छायाचित्रांत तो स्वच्छ दिसतो, सोबत मूळ चामडी कव्हरही आहे. परंतु आत रोल घालून पाहिलेला नाही, हे विक्रेत्याने स्वतःच स्पष्ट केले.

मी आजवर केवळ एसएलआर वापरले आहेत. त्यांत आपण भिंगातूनच पाहत असतो, त्यामुळे फोकसचा दोष तिथल्या तिथे डोळ्यांना जाणवतो. रेंजफाइंडरमध्ये बघायची खिडकी वेगळी आणि चित्र टिपणारे भिंग वेगळे, म्हणून खिडकीतून सारे ठीक दिसूनही निगेटिव्ह मात्र धूसर येण्याची भीती वाटते. रत्नागिरीहून पुण्याला जाऊन दुकानात मला फार तर अर्धा तास मिळेल, आणि तेवढ्यात रोल काढून धुऊन पाहणे शक्य नाही. मला कोकणातील जुन्या देवळांचे सभामंडप, त्यांतील लाकडी खांब आणि कोरीव तुळया कृष्णधवल रोलवर टिपायच्या आहेत, म्हणजे बहुतेक काम कमी उजेडातच होणार. अर्ध्या तासात कोणत्या गोष्टी कोणत्या क्रमाने तपासाव्यात? आणि या कामासाठी हाच कॅमेरा योग्य आहे का?

अंधारखोली

सभामंडपासाठी निवड चांगली आहे. ४५ मिमीचे एफ १.७ भिंग कमी उजेडात खरोखर उपयोगी पडते, आणि याचे पात्यांचे शटर इतके हळू आवाजात उघडते की गाभाऱ्यासमोर बसलेल्या माणसालाही त्याचा त्रास होत नाही. मात्र हा १९७३ सालचा नमुना आहे आणि त्याचे शटर विजेवर चालते, ही गोष्ट तपासताना सतत ध्यानात ठेवावी.

पहिली तपासणी कानाने करायची आहे. रोल पुढे सरकवण्याचा लिव्हर सावकाश ओढत न्या. ओढ संपत येताना आतून ‘खट्’ असा ठसठशीत आवाज यायला हवा. शटरच्या यंत्रणेत रबराची एक छोटी गादी असते आणि इतक्या वर्षांत ती ठिसूळ होऊन चुरते किंवा चिकट होऊन वितळते. गादी गेली की हा आवाज बंद होतो आणि एक्स्पोजर चुकू लागते. गादी बदलता येते, पण त्यासाठी कॅमेरा बराच उघडावा लागतो आणि ते काम जाणत्या हातांचेच आहे. खट् आवाज नसेल तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा, आणि विक्रेता तयार नसेल तर कॅमेरा तिथेच सोडा.

दुसरी गोष्ट बॅटरीची. मूळ बॅटरी ५.६ व्होल्टची, पाऱ्याची होती. ती आता मिळत नाही. आज ६ व्होल्टची ४एलआर४४ वापरतात, तेवढा फरक हा कॅमेरा निभावून नेतो. ती आकाराने बारीक असल्यामुळे ॲडॉप्टर लागतो. तो नसेल तर पुठ्ठ्याची नळी आणि एक स्प्रिंग पुरते. बॅटरी आपली घेऊनच जा, विक्रेत्याच्या भरवशावर राहू नका. कप्प्याचे झाकण उघडून आत हिरवी-पांढरी बुरसट पूड जमली आहे का ते आधी पाहा, कारण गळलेल्या बॅटरीचे क्षार पुढच्या तारांपर्यंत पोहोचलेले असू शकतात.

बॅटरी घातल्यावर तपासणीचे बटण दाबून हिरवा दिवा लागतो का ते पाहा. मग ऑटोवर ठेवून पुढची प्रकाश मोजणारी खिडकी बोटाने झाका आणि शटरचे बटण हलकेच दाबा. वेग १/३० सेकंदापेक्षा कमी होणार असल्याची सूचना देणारा पिवळा दिवा लागला पाहिजे, आणि बटण पूर्ण दाबल्यावर शटर बराच वेळ उघडे राहिले पाहिजे. नंतर एफ १.७ वर, म्हणजे भिंगाचे छिद्र पूर्ण उघडे ठेवून कॅमेरा उन्हाकडे रोखा. आता जास्त प्रकाशाचा लाल दिवा लागायला हवा. बॅटरीविना हा कॅमेरा एकाच वेगाने, १/५०० सेकंदाने चालतो, तेव्हा नुसते शटर वाजले म्हणजे कॅमेरा चालू आहे, असे मुळीच समजू नये.

पितळी_चक्र

वरच्या प्रतिसादात विजेचा भाग व्यवस्थित आला आहे. मी फोकसविषयी सविस्तर लिहितो, कारण रत्नदुर्ग यांची खरी शंका तिथेच आहे.

खिडकीच्या मधोमध जो पिवळसर चौकोन दिसतो, त्यात दुसऱ्या छोट्या खिडकीतून आलेली प्रतिमा एका अर्धपारदर्शक आरशावरून येऊन मिसळते. हा आरसा जुना झाला की त्याचा मुलामा उतरतो आणि चौकोन इतका फिका होतो की सभामंडपाच्या अंधारात दुसरी प्रतिमा दिसतच नाही. दुकानाच्या दारात, भर उजेडात चौकोन सर्वांचाच चांगला दिसतो. म्हणून दुकानातल्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्याकडे रोखून पाहा. चौकोन केवळ धुळीने मंद झाला असेल तर वरची पट्टी काढून साफ करता येतो, पण मुलामाच गेला असेल तर साफसफाईने काहीही साधत नाही.

आता अचूकता. फोकसची कडी अनंतावर टेकवा आणि दूरच्या मनोऱ्याच्या किंवा इमारतीच्या उभ्या कडेकडे पाहा. दोन प्रतिमा एकमेकींवर नेमक्या बसल्या पाहिजेत. मनोरा काही शे मीटर तरी दूर असावा, समोरच्या गल्लीतली पाटी त्यासाठी चालत नाही. मग मोजपट्टीने एक मीटर मोजून तेवढ्याच अंतरावर वर्तमानपत्र उभे धरा. अंतर भिंगापासून न धरता, मागच्या बाजूला जिथे रोल बसतो तिथपासून धरायचे असते. प्रतिमा जुळवल्यावर कडीवर एक मीटर हाच आकडा यायला हवा.

हे दोन्ही जुळले तरी भिंग आणि रेंजफाइंडर यांचे आपसांत पटते आहे, हे सिद्ध होत नाही. त्यासाठी मागचे झाकण उघडा, शटर बी वर (बटण दाबलेले असेपर्यंत उघडे राहण्याच्या खुणेवर) ठेवा, केबल रिलीजने, म्हणजे बटणाला जोडायच्या लवचिक तारेने, ते उघडे धरून ठेवा आणि रोल ज्या आतल्या दोन पट्ट्यांवर टेकतो त्यांच्यावर ट्रेसिंग पेपरची ताणलेली पट्टी चिकटवा. एफ १.७ वर पेपरवर उलटी प्रतिमा उमटते. तिच्यातील वर्तमानपत्राची अक्षरे हातातल्या वेगळ्या भिंगाने मोठी करून पाहून सर्वांत रेखीव कुठे होतात ते ठरवा आणि त्याच वेळी खिडकीतील दोन प्रतिमा जुळल्या आहेत का ते बघा. एक मीटरवर एफ १.७ ला स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढेमागे जेवढे अंतर रेखीव येते ते, सुमारे ५ सेंटिमीटरच असते, त्यामुळे तुमच्या खांबांच्या कोरीवकामासाठी ही चाचणी टाळून चालणार नाही. विक्रेत्याला आधी विचारा; जो तपासू देत नाही त्याच्याकडून जुना कॅमेरा घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

सायनकर

माझे मत थोडे वेगळे आहे. विजेवर चालणारे पन्नास वर्षांपूर्वीचे शटर बिघडले तर त्याचे सुटे भाग मिळणे अवघड असते. म्हणून शक्य असल्यास यांत्रिक शटरचा कॅमेरा घ्यावा. कॅनोनेट क्यूएल १७ जी-३ मध्ये बॅटरी फक्त मीटर आणि ऑटोसाठी लागते, शटर आणि छिद्र हाताने ठरवून तो विनाबॅटरीही चालतो. त्याच्या मीटरला मूळ १.३५ व्होल्टची बॅटरी लागायची. श्रवणयंत्राची ६७५ क्रमांकाची १.४ व्होल्टची बॅटरी औषधांच्या दुकानात मिळते आणि एक छोटी कडी लावून ती तिथे चांगली काम देते, साधी १.५ व्होल्टची अल्कलाइन घातली की मीटर चुकतो. त्याच्या शटरच्या पात्यांवर तेल पसरून ती चिकटण्याची तक्रार मात्र आढळते, तेव्हा हळू वेगांवर शटर पुनःपुन्हा उघडून पाहावे.

सोव्हिएत झोर्की-४ किंवा फेद स्वस्त असतात, पण झोर्की-४ मध्ये शटर चढवण्याआधी वेग बदलल्यास यंत्रणा बिघडू शकते, हे माहीत असल्याशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नये. आणि अशाच जुन्या सोव्हिएत कॅमेऱ्यावर लायका असे कोरून, सोनेरी रंग देऊन विकलेले नग बाजारात फिरत असतात, त्यांपासून जपा.

तुम्ही कोकणात राहता, म्हणून भिंगाविषयी एक विनंती. पावसाळ्यातील दमटपणात बुरशी भिंगाच्या थरांमध्ये कोळिष्टकासारखी वाढते. इलेक्ट्रोचे भिंग निघत नाही, म्हणून शटर उघडे धरून मागून विजेरीचा झोत तिरपा टाका आणि पुढून पाहा. धुळीचे चार कण सोडून द्यावेत, तंतू दिसले तर सोडू नयेत. कॅमेरा घेतलात तर चामडी कव्हरमधून लगेच बाहेर काढा, कारण चामडे ओल धरून ठेवते.

रत्नदुर्ग

आपणां सर्वांचे मनापासून आभार. काल जाऊन आले. खट् आवाज स्पष्ट येतो, दिवे तीनही लागतात, भिंगात बुरशी नाही. ट्रेसिंग पेपरवर एक मीटरची अक्षरे रेंजफाइंडरशी जुळली. मात्र चौकोनातील प्रतिमा मुख्य प्रतिमेपेक्षा किंचित वर दिसते, आणि झाकणाच्या खाचांतला, बाहेरचा प्रकाश अडवणारा फोम बोटाला काळा चिकटतो. विक्रेत्याने त्याबद्दल एक हजार रुपये कमी केले आणि मी कॅमेरा घेतला. हा वरखालीचा फरक गंभीर आहे का? आणि मला पिवळा फिल्टर लावायचा आहे. त्याचे काही वेगळे गणित असते का?

पितळी_चक्र

वरखालीच्या फरकाने अंतर चुकत नाही, कारण अंतर आडव्या सरकण्यावरून ठरते. फक्त डोळ्यांना थोडा त्रास होतो. फोम बदलण्याच्या वेळी तेही ठीक करून घ्या. फोम मात्र रोल घालण्याआधीच बदला. जुना चिकट फोम खरवडताना त्याचे कण शटरच्या पात्यांवर पडणार नाहीत, एवढे सांभाळा.

फिल्टरचे गणित आहे. याची प्रकाश मोजणारी खिडकी भिंगावर नसून अंगावर आहे, त्यामुळे ५५ मिमीचा पिवळा फिल्टर भिंगाला लावला तरी मीटरला त्याची खबर नसते. फिल्टर निम्मा प्रकाश अडवत असेल तर ४०० संवेदनशीलतेच्या (आयएसओ) रोलला कॅमेऱ्यावरची रोलच्या वेगाची चक्री २०० वर ठेवा. सभामंडपात उघड्या बाजूने ऊन आत येत असेल तर मीटर त्या उजेडाला भुलतो आणि खांब काळे पडतात. तिथेही चक्री निम्म्यावर आणून एका थांब्याने, म्हणजे दुप्पट, प्रकाश द्या, आणि पिवळा दिवा लागला की तिपाई व केबल रिलीज वापरा. बाहेर आल्यावर चक्री परत जागेवर आणण्यास विसरू नका.