१९५०च्या आसपासच्या अमेरिकी बातम्यांतील 'चार्ज': आरोप केला की आरोप ठेवला?

प्रश्न

मी सध्या १९४८ ते १९५४ या काळातील अमेरिकी वृत्तपत्रांचे जुने अंक वाचत असून त्यांतील काही बातम्यांचा मराठी अनुवाद करत आहे. 'चार्ज' हे क्रियापद तिथे पानोपानी भेटते. सुरुवातीला मी ते सरसकट 'आरोप ठेवला' असे उतरवले. पण पुढच्या अंकांत खटल्याचा किंवा निकालाचा मागमूस लागेना, तेव्हा शंका आली. ही न्यायालयीन कारवाई होती की कोणा पुढाऱ्याचे नुसते बोलणे, हे वाक्यावरून कसे ओळखावे?

पहिला प्रतिसाद

मराठीत आपण 'आरोप करणे' आणि 'आरोप ठेवणे' असा भेद पाळतो. आरोप कोणीही कोणावरही करू शकतो, न्यायालयात मात्र तो रीतसर ठेवावा लागतो. इंग्रजीत दोन्हींना एकच क्रियापद चालते आणि भेद बहुधा पुढच्या शब्दावरून कळतो: 'चार्ज्ड विथ' म्हणून गुन्ह्याचे नाव आले तर सहसा आरोप ठेवलेला असतो, 'चार्ज्ड दॅट' म्हणून पूर्ण वाक्य आले तर ते बोलणाऱ्याचे म्हणणे असते.

अमेरिकी परराष्ट्र खात्यातील माजी अधिकारी अल्जर हिस यांच्या प्रकरणाच्या बातम्या या दृष्टीने जरूर वाचा. ऑगस्ट १९४८मध्ये माजी कम्युनिस्ट व्हिटेकर चेंबर्स यांनी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे हिस हे कम्युनिस्ट असल्याचे सांगितले. हा केलेला आरोप. डिसेंबरमध्ये ग्रँड ज्युरीने (खटला भरण्याइतका पुरावा आहे का, हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) हिस यांच्यावर शपथेवर खोटे बोलल्याचे दोन आरोप ठेवले आणि जानेवारी १९५०मध्ये ते दोषी ठरले. हेरगिरीचा आरोप त्यांच्यावर ठेवलाच गेला नाही, कारण त्या गुन्ह्यासाठी खटला भरण्याची कायदेशीर मुदत उलटून गेली होती. अनुवादात इथे 'हेरगिरीचा आरोप ठेवला' असे लिहिले गेले, तर ती भाषेची नव्हे, इतिहासाची चूक होईल.

दुसरा प्रतिसाद

वरील खूण बातमीच्या मजकुरात उपयोगी पडते, पण मथळ्यात ती हाताशी नसते, आणि माझ्या मते खरी अडचण मथळ्यांचीच आहे. शिशाच्या खिळ्यांच्या त्या काळात स्तंभाच्या रुंदीत अक्षरे मोजून बसवावी लागत, त्यामुळे 'विथ' आणि 'दॅट' सर्वांत आधी गळत. चौकशीला 'प्रोब' आणि टीकेला 'हिट' असे आखूड शब्द मथळ्यांत रुळले ते याच गरजेतून.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. कोण काय म्हणाले ते तटस्थपणे द्यावे, खरेखोटे वार्ताहराने ठरवू नये, असा दंडक तेव्हा बहुतेक वृत्तपत्रे पाळत, आणि 'चार्ज' हा शब्द त्या दंडकात चपखल बसत असे. ९ फेब्रुवारी १९५० रोजी वेस्ट व्हर्जिनियातील व्हीलिंग येथे सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी परराष्ट्र खात्यातील २०५ कम्युनिस्टांची यादी आपल्या हाती असल्याचे सांगितल्याची बातमी तेथील स्थानिक दैनिकाने दिली. काही दिवसांतच हा आकडा ५७ झाला आणि २० फेब्रुवारीला सिनेटमध्ये त्यांनी ८१ प्रकरणे मांडली. प्रत्येक वेळी 'मॅकार्थी चार्जेस' हा मथळा तांत्रिकदृष्ट्या अचूकच होता, कारण ते तसे बोलले होते. मात्र ज्यांच्यावर संशय आला, त्यांच्यावर न्यायालयात काही ठेवले गेले आहे की नाही, हे त्या एका शब्दातून वाचकाला समजत नव्हते. ही संदिग्धता मला फार अस्वस्थ करते.

प्रश्नकर्ता

दोघांचे मनापासून आभार. मग मथळ्यांसाठी 'दावा केला' हे सुरक्षित ठरेल का?

दुसरा प्रतिसाद देणारे

माझा सल्ला 'नको' असा आहे. 'दावा' म्हटले की मराठी वाचकाला दिवाणी दावाही आठवतो, शिवाय समोरच्याला दोषी ठरवण्याची 'चार्ज'मधली धार त्यात उरत नाही. 'आरोप केला' हेच ठेवा. मथळा संदिग्ध वाटला, तर त्याखालचा पहिला परिच्छेद पाहा: तिथे ग्रँड ज्युरी किंवा सरकारी वकील कर्ता असेल तरच 'ठेवला' लिहा, सिनेटर किंवा साक्षीदार असेल तर 'केला'.

पहिला प्रतिसाद देणारे

सहमत. एक भर घालतो. ९ मार्च १९५४ रोजी पत्रकार एडवर्ड मरो यांनी दूरचित्रवाणीवरून मॅकार्थींवर टीका करताना आरोप म्हणजे पुरावा नव्हे असे बजावले, तेव्हा त्यांनी वापरलेला शब्द 'चार्ज' नव्हता, 'ॲक्युझेशन' होता. मराठीत दोन्हींना 'आरोप'च म्हणावे लागते. म्हणून तो उतारा अनुवादात घेणार असाल, तर मूळ शब्द तळटीपेत अवश्य द्यावा.